कोर्टाच्या दारातला पुकारा

पुकारा करायच्या आधी आमचे भाऊ डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे, घसा खाकरायचे आणि मगच नाव घ्यायचे. आता तुम्हीच सांगा, कोर्टाचा शिपाई चोराचं नाव घेताना टोपी काढतो, असं कुठे पाहिलंय? मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. ते म्हणाले, "नाव आहे गा माणसाचं. फेकाचं नसते."

मी तेव्हा नागपूरच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज टाईप करायचो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. स्वभाव पहिल्यापासून भोचक. बायको म्हणायची, "तुम्ही टायपिस्ट नाही, चौकशी आयोग आहात." असेन बुवा. पण हा माणूस चौकशी करण्याजोगाच होता.

आवाज तर काय विचारता! "रामदास वल्द किसन, हाजिर हो!" असं ते पायरीवरून म्हणाले की रस्त्यापलीकडचा पानठेलेवाला मान वर करून बघायचा. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. आमच्याकडे कोर्टात तेव्हा असंच चालायचं. तीनदा पुकारून आरोपी आला नाही तर वॉरंट निघायचं. म्हणून तिसऱ्या पुकाऱ्याआधी ते स्वतः चहाच्या ठेल्यावर जायचे आणि आरोपीला दंडाला धरून आणायचे. "मी नाव घेऊन घेऊन थकून राहिलो, अन् तू इथं भजे खाऊन राहिला काय बे?" तोंडातलं भजं गिळत आरोपी साहेबांसमोर उभा.

राहायचे आमच्याच गल्लीत, दोन दारं सोडून. एक खोली, पुढे पडवी. सोबत शंकर. शंकर मूळचा खापा गावचा, इतवारीत हातमागावर साड्या विणायचा. गल्लीतल्या बाया नवी साडी घेतली की आधी त्याला दाखवायच्या. तो पदर बोटांत चोळून म्हणायचा, "वैनी, फसवलं तुमाले." वांग्याचं भरीत असं करायचा की आमच्या घरात भांडण लागायचं.

दोघांचं नातं काय, याचा छडा मला लागत नव्हता. "मामेभाऊ आहे," ते एकदा म्हणाले. पुढच्या दिवाळीत शंकर म्हणाला, मावसभाऊ. बायको हसून म्हणाली, "यांचं नातं सणासुदीला बदलते काय?" मी सरळ विचारलं, "भाऊ, लग्न काहून नाही केलं?"

"वेळच नाही भेटला गा."

शंकर रोज सकाळी त्यांच्या खिशात ज्येष्ठमधाची काडी टाकायचा. मी बघतोय हे पाहून एकदा म्हणाला, "आवाज सरकारचा आहे, पण घसा आपल्या घरचा आहे ना." मला वाटलं, बायको असती तरी इतकी काळजी घेतली नसती. वाटलं आणि मी तिथेच थांबलो. पुढचा विचार करायची तेव्हा आम्हाला सवयच नव्हती. अशा नात्याला मराठीत शिवी सोडून दुसरा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता.

संध्याकाळी दोघं तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचे. एका संध्याकाळी ते एकटेच परतले आणि घरी न जाता आमच्या पायरीवर बसले. चपला नव्हत्या पायात.

"शंकरले नेलं पोलिसांनी," ते म्हणाले. "हात धरून बसलो होतो आम्ही. तो म्हणे, तू पळ, तुई सरकारी नोकरी आहे. ढकललं त्यानं मले. अन् मी पळालो गा."

मी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं. बायकोनं पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांच्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या ओळखीच्या वकिलांकडे नेलं. वकील म्हणाले, आत्ता पोलिसांनी छोटं कलम लावलंय, सार्वजनिक जागी असभ्य वर्तन. आज जामीन होईल. पण ते दुसऱ्या माणसाच्या मागावर आहेत. तो सापडला, की कलम तीनशे सत्त्याहत्तर लावायला बघतील. त्यात दहा वर्षं आहेत, जन्मठेपही आहे.

"पण फिर्याद कोणाची?" मला राहवेना.

"फिर्याद कशाला लागते? सरकार फिर्यादी."

"अहो, पण नुकसान कोणाचं झालं?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "हा प्रश्न कायद्यात नाही," ते म्हणाले.

"मीच सांगतो साहेबांले, दुसरा मी होतो म्हणून," आमचे भाऊ म्हणाले.

"मग दोघंही आत जाल. आणि त्यानं तुम्हाला कशासाठी ढकललं?"

जामिनावर सुटून शंकर इतवारीत मालकाच्या माडीवर राहिला, गल्लीत फिरकला नाही. दोघांचा संबंध कुणाच्या डोक्यात येऊ नये म्हणून. तारखेपर्यंत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. भरताचा वास बंद झाला, आणि गल्लीत पहिल्यांदाच लोक विचारू लागले, शंकर कुठे गेला?

अन् नशीब बघा, केस लागली त्यांच्याच साहेबांपुढे. पुकारा करायचा यांनीच. मी म्हटलं, "भाऊ, सुट्टी टाका." ते म्हणाले, "दुसरा कोणी त्याचं नाव फेकन गा." आणि गेले.

असल्या केसला गर्दी होते, तशी झाली होती. रिकामे वकील, पक्षकार, पानठेलेवालासुद्धा. मी टेबल सोडून पायरीशी उभा होतो. भाऊंनी टोपी काढली, घसा खाकरला. "शंकर वल्द लक्ष्मण..." आणि आवाज थांबला. शंकर समोरच भिंतीला टेकून उभा होता, वाळून अर्धा झालेला. भाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत 'हाजिर हो' कधी चुकलं नव्हतं, ते त्या दिवशी चुकलं. घरात जेवायला बोलवावं तसं ते हळू म्हणाले, "ये गा. चाल."

झालं, आता सगळ्यांना कळलं!

आत साहेबांनी शंकरला विचारलं, "तुझ्यासोबत कोण होतं?"

"कोणी नव्हतं साहेब. मी एकटाच होतो."

भाऊ दारातच उभे होते, नेहमीसारखे. ज्याच्यासोबत अर्धा जन्म काढला, तो भर कोर्टात सांगत होता की कोणी नव्हतं. आणि यांनी तोंड न उघडता ते ऐकायचं. दुसरा माणूस सापडला नाही, हवालदाराच्या जबाबात मेळ नव्हता, शंकर सुटला.

पण दुसऱ्या दिवशी आवारात नक्कल सुरू झाली. एक ज्युनिअर वकील मान वाकडी करून म्हणत होता, "ये गा, चाल!" लोक हसत होते. कुणी जरा डोकं चालवलं असतं तर संपलं होतं. तेवढ्यात पहिला पुकारा झाला. आरोपी लाकडाच्या वखारीचे शेठ, रेशमी कोटातले. भाऊ खणखणीत आवाजात म्हणाले, "ये गा शेठ, चाल!" शेठ दचकले. त्यानंतर एक पाकीटमार: "ये गा, चाल." मग साक्षीला आलेला फौजदार: "या गा साहेब, चाला!" सगळी पायरी हसली. साहेबांनी आत बोलावून विचारलं, हा काय चावटपणा? भाऊ म्हणाले, "साहेब, लोक घाबरते. असं बोलावलं का लवकर येते."

महिन्याभरात ती त्यांची लकब ठरली, आणि ती कुणापासून सुरू झाली हे कुणालाच आठवेना. मी मात्र विचारलंच. ते म्हणाले, "सगळ्यांलेच तसं बोलावलं, तर तो एकटा नाही ना दिसत." चांगला माणूस होता हो! मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली.

शंकर परत आला, भरीत परत आलं. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकात, भाऊ गेले. रात्री जेवले आणि सकाळी उठले नाहीत. भिवापूरकडून एक पुतण्या आला, ज्याला गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. कायद्यानं जवळचा तोच. अग्नी त्यानं दिला. शंकर आम्हा शेजाऱ्यांत मागे उभा होता. तेराव्यानंतर पुतण्यानं खोलीतली बाज, पेटी, भांडी बैलगाडीत चढवली आणि शंकरला विचारलं, "तुमी कोण त्यायचे?" बिचारा साधेपणानंच विचारत होता. शंकर गाडीवरची दोरी आवळू लागला.

पुढे कोर्टानं ते तीनशे सत्त्याहत्तर कलम अशा जोड्यांपुरतं रद्द केलं, तेव्हा मी म्हातारा झालो होतो. पेपरात ती बातमी वाचली. वाटलं, सांगावं कोणाला?

भाऊंच्या तेराव्यानंतर शंकरला खाप्याच्या गाडीवर बसवायला मीच गेलो होतो. हातात एक पिशवी. मी म्हटलं, "येत जा रे." त्यानं मान हलवली. गाडी सुरू झाल्यावर तो खिडकीतून वाकला आणि म्हणाला, "तेव्हा कोर्टात मी म्हटलं, कोणी नव्हतं. आता कोणाले जाऊन सांगू, होता म्हणून?"

गाडी निघाली.