आण्णांनी उतरवलेली यादी

इंग्रजी साहित्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा ते मला तोंडपाठ होतं. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. नेरूळच्या एका शाळेत मी सातवी-आठवीला तात्पुरती म्हणून इंग्रजी शिकवत होते. मुख्याध्यापकांनी स्वच्छ सांगितलं होतं, संस्थेची शिक्षकांसाठीची परीक्षा यंदा पास झालात तर कायम करू, नाहीतर दुसरं कुणी बघू. समोर मी बसलेली असताना त्यांनी हे रजिस्टरमध्ये बघत सांगितलं. मला ती नोकरी हवी होती. आमच्या सगळ्या गोतावळ्यात पगारी शिक्षिका झालेलं एक माणूस नव्हतं.

जुने पेपर चाळले आणि तोंडचं पाणी पळालं. मुलांना 'धिस इज अ पॅरट' शिकवणाऱ्या बाईला सिनेकडकी हा कवितेतला अलंकार म्हणजे काय, हे आलंच पाहिजे, असं कुठल्या शहाण्याला वाटलं कोण जाणे. मी मेटॅफर, आयरनी, सॉनेट यांच्या व्याख्या भांडी घासता घासता म्हणायचे. त्यांच्या उदाहरणांतली एकही कविता मी अखेरपर्यंत वाचलेली नव्हती. शाळेतल्या एक बाई आदल्या वर्षी पास झाल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, वाचत बसलीस तर मेलीस. जोड्या पाठ कर. कुठलं पुस्तक कुणाचं, एवढंच विचारतात." त्यांनी स्वतःची वही दिली, पण एकाच दिवसासाठी. सोमवारी ती त्यांच्या भाचीकडे पनवेलला जायची होती.

तो रविवार. आम्ही शिरवणे गावात भाड्याच्या खोलीत राहायचो आणि गावातलं झेरॉक्सचं दुकान बंद होतं. वहीत डाव्या पानावर साठ पुस्तकं, उजव्या पानावर त्यांचे साठ लेखक, शिवाय मागे व्याख्यांची पन्नासेक पानं. मी रडकुंडीला आले. तेव्हा आण्णा म्हणाले, "आन हिकडं. थोडं मी उतरवतो."

आण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून आलेले, वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गोणींवर मार्का घालायचं काम करायचे. कुठल्या व्यापाऱ्याचा माल, ते गोणीवर इंग्रजी अक्षरांत ब्रशनं लिहायचं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षर असं काढत की छापल्यासारखं. मी वहीच्या पिना काढल्या, लेखकांचं पान त्यांना दिलं आणि पुस्तकांचं मी घेतलं. त्यांनी आंघोळ केली, चष्मा पुसला, पाट मांडीवर घेतला आणि दुपारभर एकेक नाव चितारत बसले. चहा समोर निवला तरी मान वर केली नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं त्यात हा अभिमान कुठे दिसत नाही.

दोन्ही कागद मी ओळीला ओळ लावून चिकटवले. उजवीकडे शेवटची ओळ रिकामी राहिली. काही जुन्या पुस्तकांचा लेखक अज्ञात असतो, हे मी कुठेतरी पाठ केलेलं होतं, त्यामुळे तिथे मी मोठ्या ऐटीत 'अज्ञात' लिहून टाकलं. वही सोमवारी परत गेली. पुढचे तीन महिने ती यादी मी पुढून, मागून, मधूनच कुठूनही म्हणत होते. एका पुस्तकाचा उतारा आम्हाला कॉलेजात होता. त्याच्यापुढचं नाव मला खटकलंही. पण मी म्हटलं, पास झालेल्या बाईंची यादी आहे, माझंच काहीतरी चुकत असेल.

परीक्षेत जोड्याच जोड्या आल्या. मी पेन न थांबवता सोडवल्या आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्या बाईंना ताठ मानेनं उत्तरं सांगायला गेले. चौथ्या उत्तराला त्या थांबल्या. सातव्याला म्हणाल्या, "हे सगळं कुठून आणलंस गं?" पनवेलहून परत आलेली वही त्यांच्या कपाटातच होती. आम्ही ती उघडून बघितली. दहाव्या ओळीपासून खाली माझ्याकडे प्रत्येक पुस्तक भलत्याच माणसाच्या नावावर होतं. ज्यांनी ती लिहिली, त्यांना मी एका ओळीनं बेदखल केलं होतं.

घरी आले आणि चप्पलही न काढता ती यादी आण्णांपुढे फेकली. "काय उतरवलंत हे? एक नाव खाल्लंत तुम्ही. माझी नोकरी खाल्लीत."

त्यांनी कागद उचलला, चष्मा लावला. नवव्या ओळीवर बोट ठेवलं. "आगं, ह्ये बघ की. त्योच मार्का लागोपाठ दोनदा आला. आमी बाजारात परत लिहीत न्हाय. म्होरं दोन रेघा मारल्यात न्हवं."

मारल्या होत्या. नावापुढे दोन बारीक उभ्या रेघा. श्लोकाच्या शेवटी असतात तशा, आणि मला तीन महिने तसंच वाटत होतं, की आण्णांनी सजावट केलीये. एकाच लेखकाची दोन पुस्तकं लागोपाठ होती. त्यांनी ती बरोबर नोंदवली होती. सिम्बॉलची व्याख्या मला इंग्रजीत येत होती, मराठीत येत होती, आणि घरातली दोन रेघांची खूण मी एकदाही विचारली नव्हती.

आण्णांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "चुकलंच माझं. इचाराया पायजे हुतं."

विचारायला हवं होतं ते मी. हे मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. आणि मी आत जाऊन तोंड धुतलं.

थोडक्या गुणांसाठी मी नापास झाले. जूनमध्ये माझ्या जागी दुसरं कुणीतरी आलं. पुढच्या वर्षी मी पास झाले, तोवर भरायला जागाच उरली नव्हती. मग मी घरगुती क्लास काढला, तोच आजवर चालवते.

आण्णा बाजारातून निवृत्त झाले, थकले. कुणी पाहुणा आला आणि पोरीनं शाळेतली नोकरी का सोडली म्हणून विचारलं, की ते सांगायचे, "माझ्याकडनं चूक झाली वो, एक नाव ऱ्हायलं. माझ्यापायी पोरीची नोकरी ग्येली." पाहुणे हळहळायचे. मी त्याच खोलीत असायचे. चहाचे कप गोळा करायचे आणि आण्णा वारले त्या वर्षापर्यंत मी त्यांना तसं सांगू दिलं.