समुद्राला लागून असलेलं घर
नारळाच्या वासाचं ते उन्हासाठी चोपडायचं क्रीम कुणी उघडलं, की मला मस्कतमधलं मुलाचं घर आठवतं. मी व्हिजिट व्हिसावर नुकतीच मस्कतच्या अझैबा भागातल्या त्याच्या घरी पोचले होते. बाहेर ऊन पेटलं होतं, आत एसीने माझे पाय गारठले होते, आणि टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर मुलगा आणि सून कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावरची हॉटेलं बघत होते. "आई, तुम्हीच सांगा, यातलं कुठलं घेऊ?" सहलीसाठी आणलेलं ते क्रीम उघडून बघत सून म्हणाली. एवढा मान! मी चष्मा पुसून सरसावून बसले. टेकडीवरचं हॉटेल बाद केलं, माझे गुडघे चढू देणार नव्हते. समुद्राला लागून असलेलं, स्वयंपाकघर असलेलं घर निवडलं. म्हटलं, "सकाळी पोहे तरी करता येतील मला." दोघं एकमेकांकडे बघून हसली. मुलाने तेच बुक केलं आणि तिकडच्या अरबीत म्हणाला, "खलास!", म्हणजे झालं काम. मी विचारलं, "तिथे स्वेटर लागेल का रे?" इंग्रजीत वाढलेली नात माझ्यासाठी मराठी जुळवत म्हणाली, "आजी, तू नाही येते. तू मांजर बघते." मुलगा म्हणाला, "अगं, मला वाटलं तुला माहीत आहे." सून म्हणाली, "त्याला रोज उकडलेलं चिकन लागतं हं, आई." माझ्या गळ्यातली तुळशीची माळ तिच्या समोरच होती. परवा मुलाचा फोन आला, "आई, ये ना, तुझी नात आठवण काढते." मी एवढंच विचारलं, "या खेपेला कुठलं बेट?"