खाटेसाठी इडल्या

आमच्या गावच्या सेवा मंडळात मला घेतलं ते माझ्या गुणांमुळे नव्हे, माझ्या गाडीच्या डिकीमुळे. तिच्यात वॉकर आडवा मावतो. हे मला आत शिरल्यावर कळलं. तोवर मी समजत होतो की शहरातल्या बसवनगुडीतला शिकलेला, अनुभवी माणूस राहायला आला म्हणून गावाला आनंद झालाय.

गाव म्हणजे बोम्मसंद्र्याचे कारखाने मागे टाकून होसूर रोडवरून आत वळलं की लागतं ते. निवृत्त झालो तेव्हा मुलगा म्हणत होता, जे. पी. नगरला आमच्या फ्लॅटमध्ये या. मी म्हटलं, मला मोकळी हवा हवी. हवा मिळाली, आणि हवेबरोबर मंडळ मिळालं.

मंडळाचं मुख्य काम वस्तू उसन्या देण्याचं. वॉकर, कुबड्या, पाण्याची गादी, आणि दवाखान्यात असते तशी एक लोखंडी खाट. हँडल फिरवलं की तिची डोक्याकडची बाजू वर येते. ज्याच्या घरी गरज, त्याच्याकडे वस्तू जाते. गरज संपली की परत येते. गरज कशी संपली हे कोणी विचारत नाही. याशिवाय आम्ही दर पावसाळ्यात शाळेच्या आवारात झाडं लावतो. ती शेळ्या खातात. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावतो, त्यामुळे निदान खड्डे खणावे लागत नाहीत.

अध्यक्ष म्हणजे एक अक्का. सगळं आयुष्य अंगणवाडीत शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे समोरचा माणूस चार वर्षांपेक्षा मोठा असू शकतो हे तिला पटत नाही. सभेत मी दुसऱ्यांदा बोलायला तोंड उघडलं की म्हणते, "अण्णा, तुमची पाळी झाली. आता हात मांडीवर."

आमच्या घरासमोर एक अज्ज आणि अज्जी, म्हणजे आजोबा-आजी, राहतात. मुलगी लग्न होऊन लांब गेली, घरात दोघंच. आम्ही राहायला यायच्या आधीच अज्जांना झटका आला होता. डावी बाजू गेली. जीभ मात्र दोन माणसांना पुरेल एवढी शिल्लक राहिली. साध्या खाटेवरून ते एकदा पडले, तेव्हापासून जमिनीवर गादी घालून ठेवलेले. रोज सकाळी अज्जी आमच्या फाटकाशी येऊन हाक मारी, "अण्णा, स्वल्प बन्नी." जरा या. मी जाई, अज्जांच्या काखेत हात घाली आणि त्यांना ओढून भिंतीला टेकवून बसवी. कॉफी पिऊन होईतो ते हळूहळू घसरत पुन्हा आडवे.

"स्वामी," ते खालून म्हणत. स्वामी म्हणजे इकडे नुसतं 'साहेब', पण अज्जांच्या तोंडी त्याला वेगळीच धार असे. "तुम्हा मराठी लोकांचे पूर्वज घोड्यांवर बसून इकडे आले म्हणता. त्यांना घोड्यावर चढवायचं कोण?"

हे बोलणं अर्थात कन्नडमधलं. मराठीत सांगताना त्यातलं अर्धं तिखट उतरतं, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

अज्जांची मागणी साधी होती. त्यांच्या खोलीला गल्लीकडे उघडणारी खिडकी आहे, पण जमिनीवरच्या माणसासाठी ती फार वर. "मला तिच्यातून काय दिसतं? आकाश. आकाशात कोण कुणाच्या घरी चाललंय ते कळतं का?" त्यांना बसून गल्ली बघायची होती. मंडळाची एकुलती खाट गावाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हातारीकडे होती, आणि तिची गरज, देवाच्या कृपेने, संपायची चिन्हं नव्हती. तेव्हा दुसरी खाट घ्यायची असं ठरलं. मी त्या ठरावाला जोरात हात वर केला. हेतू शुद्ध नव्हता. माझी कंबर दुखत होती.

पैसे उभारायला रविवारी सकाळी शाळेच्या आवारात तिंडी ठेवायची ठरली. तिंडी म्हणजे आमच्याकडे सकाळचं खाणं. इडली, वडा, चटणी आणि केसरीबात, म्हणजे आपला शिरा. अक्का आणि चार बायका रांधणार. प्रचाराचं काम मी मागून घेतलं.

मी कूपनं छापून घेतली. पिवळी, कडेला वेलबुट्टी. "अहो, घरोघर जाऊन सांगायला हवं," बायको म्हणाली. मी म्हटलं, काळ बदललाय. आणि मग मला ती कल्पना सुचली, जिचा मला दोन दिवस अतिशय अभिमान वाटला. गावात दूध डेअरी आहे. झाडून सगळ्या घरांतून कोणी ना कोणी सकाळ-संध्याकाळ तिथे दूध घालायला येतं. दुधातलं फॅट मोजायचं यंत्र असतं, त्याच्या शेजारी मी कूपनांचा गठ्ठा ठेवला. वर पाटी: प्रत्येक घराने घ्यावीत. दुसऱ्या दिवशी गठ्ठा संपलेला. मी घरी येऊन बायकोकडे असं पाहिलं की तिने काही न विचारता पाठ फिरवली.

रविवार उजाडला. शाळेच्या आवारात चुली पेटल्या, इडलीच्या पात्रांतून वाफ निघायला लागली, खुर्च्या मांडल्या. आणि कोणी आलं नाही.

म्हणजे अगदीच कोणी नाही असं नव्हे. दोन कुत्री आली. जे. पी. नगरहून आमचा मुलगा बायको-पोरांसकट आला, खाऊन, पैसे देऊन, "आता निघतो, नाहीतर सिल्क बोर्डच्या चौकात गाड्यांत अडकू" म्हणून गेला. गल्लीतून माणसं जात होती, आमच्याकडे बघत होती, मान डोलावत होती आणि पुढे जात होती. इडल्या गार होत होत्या.

अक्का झारा हातात घेऊन माझ्यासमोर आली. "अण्णा, किती घरी जाऊन आलात?"

"घरी कशाला? डेअरीत ठेवली होती ना कूपनं. सगळ्यांनी नेली."

अक्काने डोळे मिटले. मग मागच्या बायकांकडे वळून म्हणाली, "ऐकलंत? अण्णांनी गाईंना बोलावलंय."

हसू पसरलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाज याची वाटली की ही चूक मी करावी! ज्या घरात मी वाढलो तिथे बोलावणं म्हणजे उंबऱ्याशी येऊन, कुंकू लावून, "नक्की या हं" असं तोंडाने म्हटलेलं. बसवनगुडीत पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या चुलतबहिणीने मुलाच्या मुंजीचं फोनवर सांगितलं, तर आमच्या आईचे गुडघे दुखायला लागले. ते त्या मुंज्याचं लग्न होईपर्यंत दुखत होते. त्या आईचा मी मुलगा, आणि मी गावाला फॅटच्या यंत्राशेजारी आमंत्रण ठेवलं.

"आता उभे काय राहिलात?" अक्का म्हणाली. "जोडीने जा. आम्ही नवीन घाणा घालतो. कुंकवाची डबी कुणाकडे आहे?"

बायकोने पिशवीतून डबी काढली. ती घरूनच घेऊन आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती शाळेच्या फळ्याकडे बघत होती.

पहिलंच घर एका गौडांचं. ते ओट्यावर दात घासत बसले होते.

"तिंडीला यायचं हं," मी फाटकातूनच म्हणालो.

"आत या. बसा. उभ्या-उभ्या बोलावतात का कुणाला?"

बसलो. कॉफी आली. बायको आत जाऊन गौडतीला कुंकू लावून आली. गौड तोंड पुसत म्हणाले, "कागद आला होता खरा, दुधाच्या कॅनवर. आमच्या म्हशीने वाचला. म्हणाली, मला इडली सोसत नाही."

"चुकलं हो माझं."

"छे, छे. तिला वाईट वाटलं नाही. सरी, आंघोळ करून येतो." सरी म्हणजे बरं.

दुसऱ्या घरातली बाई दारातच उभी राहिली. "समोर आधी गेलात."

मी तोंड उघडलं. सुदैवाने बायकोने माझ्याआधी उघडलं. "अहो, तुमच्याकडेच पहिलं यायला निघालो होतो. वाटेत डबीतलं कुंकू सांडलं, अपशकुन नको म्हणून समोर टेकलो." बाईचा चेहरा निवळला. कॉफी आली. इतक्या वर्षांच्या संसारात बायको माझ्याशी किती वेळा इतकं सराईत बोलली असेल, हा विचार मी कॉफीबरोबर गिळला.

असं घरामागून घर. बसा, कॉफी, कुंकू, टोमणा, सरी. कॉफी नको म्हणायची सोय नाही; बोलवायला आलेला माणूस कोरडा गेला तर बोलावणं पोचत नाही. शेवटी-शेवटी माझा हात इतका थरथरत होता की एका आजोबांनी मला डॉक्टरांचा पत्ता दिला.

आमच्या गल्लीत परत आलो. मी घाम पुसून म्हटलं, "संपलं."

बायको अज्जांच्या घरासमोर थांबली. "इथे बोलावलंत?"

"इथे? अगं, त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"म्हणून बोलवायचं नाही?"

आत गेलो. अज्जीने दार उघडलं, नेहमीसारखं हसली नाही. अज्ज गादीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. सकाळी मला शाळेत लवकर जायचं म्हणून मी त्यांना बसवायला आलोच नव्हतो, हे तेव्हा आठवलं. बायकोने अज्जीला कुंकू लावलं. अज्ज भिंतीशी बोलावं तसं म्हणाले, "गाव माझ्या नावानं खातंय म्हणे. मला कागदसुद्धा आला नाही. मी दूध घालत नाही ना आता."

या माणसाचं प्रत्येक बोलणं मी हसून सोडून देत आलो होतो. हे सोडता येईना. मी खाली जमिनीवर, गादीच्या कडेला बसलो. गुडघे कटाकट वाजले.

"अज्ज, तिंडीला यायचं. बोलवायला आलोय. बन्नी."

ते मान वळवून म्हणाले, "सरी. येतो."

आता, बोलावणाऱ्याने 'या' म्हणायचं आणि त्यांनी 'माझं कसलं येणं' म्हणायचं, असा माझा हिशेब होता. ते खरंच येतील अशी माझी तयारी नव्हती. अज्जी तर ट्रंकेतून पांढरा शर्ट काढायलासुद्धा लागली. कपाळाला विभूती लागली. मी शाळेत पळालो आणि तीन धट्टेकट्टे गडी आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आलो. अज्जांना खुर्चीत बसवलं, पडू नयेत म्हणून शालीने बांधलं, आणि चौघांनी चार पाय धरले. चौथा मी.

शाळा आमच्या घरापासून हाकेवर. पण अज्ज म्हणाले, "इकडून नको. देवळाकडून घ्या."

"अज्ज, लांब पडेल."

"तुम्ही बोलावलंत. मी कुठे आलो होतो सांगायला?"

देवळाकडून घेतलं. मग तळ्याकडून. कॉफीने धडधडणारी छाती आणि खुर्चीचा मागचा पाय सांभाळत मी चाललो होतो, आणि वर अज्जांचं चालू होतं, "या घरावर मजला कधी चढला? अय्यो, ही चिंच कुणी तोडली? तो लंगडतोय का रे, कधीपासून?" लोक दारात येत, अज्जांना बघून थबकत. काहींना वाटलं होतं, ते आता कुणाला ओळखत नाहीत. अज्ज एकेकाला नावाने आणि आडनावाने, काहींना त्यांनी न फेडलेल्या उपकारांसकट ओळखत होते. आंघोळ करून येतो म्हणालेले खांद्यावर टॉवेल टाकून तसेच मागून निघाले. शाळेत पोचेतो मागे अशी गर्दी होती की अक्का झारा टाकून फाटकाशी आली आणि सवयीने म्हणाली, "ओळीत या, ओळीत."

तिंडी दुपारपर्यंत चालली. चटणी कमी पडली, पाणी घालून वाढवली. आमटीसारखी झाली, कोणी तक्रार केली नाही. कूपन एकानेही आणलं नाही. अक्काने अज्जांच्या खुर्चीशेजारी पितळी पातेलं ठेवलं, आणि जो तो खाऊन झाल्यावर हात धुऊन लग्नात आहेर करावा तसा येऊन त्यात टाकून जाई. अज्ज एका हाताने केसरीबात खात प्रत्येकाला बजावत होते, "डोक्याकडून वर जाणारी आणायला सांगा यांना. पायाकडून वर जाणारी आणतील. यांचा भरवसा नाही."

खाट आली. डोक्याकडून वर जाणारीच. मंडळ खोलीत गोळा झालं, अज्जांना तिच्यावर निजवलं, आणि अक्काने हँडल फिरवायचा मान मला दिला. मी दोन वाक्यांचं भाषण केलं, वाकलो आणि फिरवायला लागलो.

खाट वर येईना. जोर लावला. तेवढ्यात कुणीतरी हसलं. खाट आधीच थोडी वर केलेली होती आणि मी उलटं फिरवत होतो. अज्ज सावकाश खाली चालले होते.

"स्वामी," ते छताकडे बघत म्हणाले, "मला एवढी घाई नाही."

अज्जीने मला कोपराने बाजूला सारलं आणि हँडल हातात घेतलं. तिने ते जात्यासारखं फिरवलं, एकाच लयीत, आणि खाट कुरकुरत वर यायला लागली. अज्जांचं डोकं, खांदे, मग छाती. मी लगबगीने जाऊन खिडकीची दारं सताड उघडली आणि तिथेच वळून उभा राहिलो, त्यांचा चेहरा बघायला.

अज्ज बसले होते. पाठ टेकून, कुणी न धरता. इतके दिवस मी त्यांना ओळखतो, पण ते गप्प बसलेले मला दिसले नव्हते. बाहेरून सायकलची घंटी ऐकू आली, कुणीतरी कुणाला हाक मारली. अज्जांनी मान डावीकडे केली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे.

काहीतरी बोलावं म्हणून मी पुढे झुकलो.

"अण्णा," अज्ज हळूच म्हणाले. त्यांनी मला अण्णा म्हटलं ते पहिल्यांदाच. "स्वल्प सरका. रस्ता दिसत नाही."