भट्टीवालीचा भाऊ

वाफेची जहाजं नवी नवी होती, तेव्हाची गोष्ट. जहाजावर साथ निघाली की ते बंदराला लागू न देता समोरच्या खडकाळ बेटाकडे वळवत. आजारी माणसं तिथे उतरवायची. बरी झाली तर नावेने पलीकडे न्यायची, नाही झाली तर बेटाच्या मागच्या उतारावर पुरायची. धुकं इतकं दाट, की धक्क्यावर उभं राहून खालची नाव दिसायची मारामार.

त्या बेटावर भट्टीवाली राहायची. रोग्यांच्या चादरी, कामगारांचे सदरे, सगळं मोठ्या हंड्यात उकळून धुवायचं हे तिचं काम. तिचा नवरा बेटाचा नावाडी आणि थोरला भाऊ थडगी खणणारा. आईबाप लवकर गेले, तेव्हा या भावानेच तिला लहानाची मोठी केली, लग्न लावून दिलं. पुढे नावाड्याने शब्द टाकला म्हणून तोही बायकोला घेऊन बेटावर कामाला आला. मोठा थट्टेखोर गडी. "माझ्याकडच्या पाहुण्यांची अजून एकही तक्रार नाही," असं गंभीर चेहऱ्याने सांगायचा, आणि त्याची बायको तोंडाला पदर लावून हसायची.

एका हिवाळ्यात भावाच्या बायकोलाच ताप भरला. थंडीने दातावर दात आपटत होते. भट्टीवाली बेटाचं सामान सांभाळणाऱ्या कोठीवाल्याकडे ब्लँकेट मागायला गेली. साठा संपलाय, असं त्याने मान वर न करता सांगितलं. मग तिने चादरी भट्टीच्या धगीवर गरम केल्या आणि एकीवर एक अशा वहिनीला गुंडाळत राहिली. वहिनी वाचली नाही. भावाने तिचं थडगं एकट्याने खणलं, दुसऱ्या कुणाला फावड्याला हात लावू दिला नाही. त्यानंतर त्याची थट्टा जी बंद पडली ती पडलीच.

थोड्याच दिवसांनी कोठीवाल्याने नावाड्याकडे काही गाठोडी पलीकडे पोचवायला दिली. नावाड्याला संशय आला. त्याने एक सोडून पाहिलं, तर आत नवी कोरी ब्लँकेटं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धक्क्यावर चारचौघांत त्याने कोठीवाल्याची गचांडी धरली आणि याच पाण्यात बुडवीन म्हणून दम भरला. भाऊ बाजूलाच उभा होता. तो त्या ब्लँकेटांकडे बघत होता.

मग वादळ सुरू झालं. समुद्र खवळला, येणंजाणं थांबलं. आणि अशाच एका सकाळी कोठीवाला कोठीत मरून पडलेला सापडला. डोकं फुटलेलं, शेजारी नाव ओढायचा लोखंडी आकडा.

बातमी भट्टीवालीच्या कानावर आली तेव्हा तिचा पहिला हंडा उतरला होता. त्यात भावाचा सदरा होता. बाह्यांवर डाग होते, पण मेलेल्यांना उचलणाऱ्या माणसाच्या कपड्यांवर डाग असायचेच, म्हणून तिने विचार न करता तो उकळत्या पाण्यात ढकलला होता. आता काठीने तो वर काढून तिने बाह्या उलटसुलट करून पाहिल्या. मग तिने सदरा वाळत घातला आणि पुढचा हंडा चढवला.

समुद्र निवळल्यावर नावाडीच पलीकडे जाऊन फौजदाराला घेऊन आला. बेटावर बाहेरचं कुणी आलेलं नव्हतं, तेव्हा खुनी आतलाच, हे उघड होतं. आकडा नावाड्याचा, भांडण नावाड्याचं, धमकीही नावाड्याची. ज्याने फौजदाराला आणलं, त्याच्याच हातात संध्याकाळी बेड्या पडल्या. नवरा तिच्याकडे बघत होता. आता भाऊ पुढे येईल, मग येईल, म्हणून ती भावाकडे बघत होती. भाऊ जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उतारावर गेली. भाऊ खणत होता.

"दादा, तुझा सदरा मी धुतलाय."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे टाकणार होतो?"

"यांना घेऊन चाललेत."

"सुटेल तो. त्याने काही केलंच नाही, तर सिद्ध काय होणार?"

"आणि झालं तर?"

त्याने फावडं मातीत रोवलं, पण वर बघितलं नाही. कोठीवाल्याला जाब विचारायलाच गेलो होतो, आकडा नुसता धाक दाखवायला उचलला होता, असं काहीसं तो पुटपुटला. तो माणूस म्हणे हसला होता.

"तू सांग, दादा," ती म्हणाली. "माझ्यावर आणू नकोस."

तो पुन्हा खणायला लागला. ती वळली आणि उतरून धक्क्याकडे गेली.

दोन कामगार वल्ही घेऊन नाव सोडायच्या तयारीत होते. तिने फौजदाराला सगळं सांगितलं. बोलताना आवाज कापला नाही, याचं पुढे तिचं तिलाच नवल वाटायचं. नुसत्या तिच्या शब्दावर फौजदाराने विश्वास ठेवलाही नसता. नवऱ्याला वाचवायला बायका काहीही सांगतात, असं तो म्हणायलाही लागला होता. तेवढ्यात धुक्यातून भाऊ आला. हात धुतलेले, केस नीट बसवलेले.

"ती खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "लहानपणापासून सवयच नाही तिला."

बेड्या एकाच्या हातातून निघून दुसऱ्याच्या हातात गेल्या. आणि वल्ही पुन्हा ज्याची त्याच्याकडे गेल्यामुळे मेहुण्याला पलीकडे न्यायचं काम नावाड्यावरच आलं. नावेत बसण्याआधी भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोन्ही हात एकत्र बांधलेले, म्हणून दोन्ही ठेवले.

फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. पण तुरुंगाच्या हवेने तो वर्षभरातच गेला, आणि तेही त्यांना फार उशिरा कळलं.

नवराबायकोचा संसार चालला, जसा चालतो तसा. साथी ओसरल्या, बेट बंद झालं, दोघं पलीकडच्या गावात राहायला गेली. तिथे ती एका खाणावळीचे कपडे धुवायची. नवरा चांगला होता, पण एक सल त्याच्या मनात राहिला. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "ती एक रात्र मी बेड्यांत काढली, तेव्हा तुला माहीत होतं." तिने ताटातलं अन्न तसंच ठेवलं.

भावाला पलीकडे नेलं, त्या फेरीत दोघांचं काय बोलणं झालं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. नवरा म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला, तेव्हा एका दुपारी त्याने आपणहून सांगितलं.

"काही बोलला नाही तो. दोराच्या वेटोळ्यावर डोकं टेकून झोपला. धक्का येईपर्यंत गाढ झोपला होता. मी सावकाश वल्हवत होतो."

ती त्याचे पाय चेपत होती. क्षणभर थांबली, मग पुन्हा चेपायला लागली.