धोरणवाल्या मावशी

या देशातली सरकारी धोरणं का फसतात याचं उत्तर माझ्या बायकोच्या मावशींना ठाऊक आहे, आणि ते पूर्ण ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही, हे त्या उत्तराचं पहिलंच कलम आहे. उरलेली कलमं मी ऐकलेली आहेत. त्यांच्या नात्यात मीरा रोडला राहणारा, घरून काम करणारा आणि शिवाय गाडी असलेला मी एकटाच निघाल्यामुळे ही जबाबदारी कोणी न सोपवताच माझ्याकडे आली. घरून काम करणारा माणूस खरोखर काम करतो, यावर मावशींचा कधीच विश्वास बसला नाही. मी हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेला दिसलो की त्या स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला हळूच विचारायच्या, "आज बरं वाटत नाहीये का त्यांना?" आणि मग बाहेर येऊन म्हणायच्या, "जावईबापू, बसून अंग आंबेल. गाडी काढा."

मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या, राहायला मीरा रोडलाच, सिल्व्हर पार्कात. तरुणपणी टेलिफोन खात्यात लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. पुढे कॉल आपोआप लागायला लागले, तेव्हा खात्याने त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत उठवलं नाही. मुलगी एकुलती एक, ती मेलबर्नला. त्यांचे यजमान, आमचे काका, गेल्याला वर्ष होत आलं तेव्हा मावशींनी आता काय करावं, यावर नातेवाइकांनी भरपूर विचार केला. कोणी भजनी मंडळ सुचवलं, कोणी योगासनं. मावशींनी विद्यापीठात सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.ला नाव घातलं. मुलाखतीत त्यांना विचारलं, "या वयात पब्लिक पॉलिसी का?" त्या म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं. आता मला बोलायचंय." समितीतले सगळे मनमोकळं हसले आणि त्यांनी प्रवेश देऊन टाकला. तो विनोद नव्हता, हे त्यांना पहिल्याच शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी दुपारी तिथे पाहुण्यांची व्याख्यानं असत. मी मावशींना सोडायला जायचो आणि त्यांना परत आणायचं म्हणून मागच्या रांगेत बसून राहायचो, त्यामुळे देशाच्या भवितव्याबद्दल माझं पुष्कळ शिक्षण झालं. पाहुण्यांत निवृत्त अधिकारी बरेच असत. खुर्चीवर असताना काय काय करायला हवं होतं, हे त्यांना खुर्ची सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी लख्ख दिसायला लागलेलं असे. काही पाहुणे परदेशातून थेट आलेले असत आणि त्यांना भारतातली गरिबी फार आशादायक वाटे. सगळ्यांकडे स्लाइड असत, आणि शेवटच्या स्लाइडवर एखादं हसरं खेडवळ मूल. ते मूल पडद्यावर आलं की मावशी पदर सावरून उभ्या राहायच्या. "माझा एक छोटासा प्रश्न आहे," त्या म्हणायच्या. तो छोटा नसे आणि बहुतेक वेळा प्रश्नही नसे. एकदा एक तरुण तज्ज्ञ शहरातल्या वाहतुकीवर बोलत होता. त्याने युरोपातल्या कुठल्याशा शहराचं चित्र दाखवलं. स्वच्छ रस्ता, सायकलवर एक सोनेरी केसांची बाई. मावशी म्हणाल्या, "या बाईंच्या पिशव्या कुठे आहेत?" तज्ज्ञाला कळेना. "बाजारात चालल्यात की बाजारातून येतायत? दळण कुठे ठेवलंय? मूल कोणाकडे दिलंय? रिकाम्या हाताने तर मीपण सायकल चालवीन." तज्ज्ञ गोड हसून म्हणाला, "मॅम, खूप महत्त्वाचा मुद्दा आहे, आपण हा ऑफलाइन घेऊ." अशा ठिकाणी या वाक्याचा अर्थ 'आता बसा' असा असतो. मावशींनी तो शब्दशः घेतला. व्याख्यान संपल्यावर तो तज्ज्ञ गाडीत बसत असताना त्यांनी दार धरलं, "घ्या ऑफलाइन." तो पाऊण तास उभा होता. शेवटी त्याने पुढच्या वेळी पिशव्यांसकट चित्र दाखवायचं कबूल केलं, तेव्हा कुठे दार सुटलं.

वर्गातली मुलं त्यांच्या नातवंडांच्या वयाची. ती आधी त्यांना आंटी म्हणायला लागली. "आंटी बिल्डिंगमध्ये. इथे मी बॅचमेट," असं त्यांनी बजावलं आणि महिनाभरात सगळ्यांची मावशी होऊन बसल्या. त्या बदल्यात मुलांनी त्यांना आपली भाषा दिली, आणि तिचा त्रास आम्हाला झाला. त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी बाई, वॉचमन, दूधवाला हे सगळे एका रात्रीत स्टेकहोल्डर झाले. मी एकदा पंखा बंद करा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमचा अप्रोच फार टॉप-डाऊन आहे," आणि घरातल्या सगळ्यांना विचारून पंखा चालूच ठेवला. शांती नगरच्या भाजीवाल्याला त्या कोथिंबिरीची जुडी हातात धरून त्याच्या उपजीविकेतल्या अडचणी विचारत होत्या. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "आंटी, लेना है तो लो, लेकिन सर्वे मत करो." मावशी घरी येऊन समाधानाने म्हणाल्या, "बघितलंत? फील्डमध्ये रेझिस्टन्स असतोच."

फील्ड हा त्यांचा खरा प्रांत. बाहेरच्या अभ्यासभेटीला निघताना मावशींची तयारी एखाद्या लग्नाला निघाल्यासारखी असे: चकल्या, लिंबू सरबताच्या बाटल्या, डोक्याला स्कार्फ, आणि कोणाचं काही तुटलं तर म्हणून सेफ्टी पिनांची अख्खी माळ. भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर फूटपाथ आणि फेरीवाले यांचा अभ्यास करायला वर्ग आला होता. त्यांचे सर बारीक, तरुण, नुकतेच डॉक्टरेट झालेले. मराठीसुद्धा परिपत्रक वाचल्यासारखी बोलायचे. ते भर बाजारात उभे राहून 'सार्वजनिक अवकाशावरील स्पर्धात्मक दावे' समजावून सांगत होते आणि त्यांच्यामुळे सार्वजनिक अवकाश पूर्ण बंद पडला होता. स्कूटरवाले ओरडत होते, "ओ भाय, साइड दो ना!" इतक्यात मावशी गायब झाल्या. शोधाशोध झाली. त्या दोन दुकानं सोडून एका ठेल्यावर कुकरची रिंग घासाघीस करून घेत होत्या. सर म्हणाले, "मावशी, आपण निरीक्षणासाठी आलो आहोत." "मग मी काय करतेय? सहभागी निरीक्षण," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत."

पुढची भेट खाडीकाठच्या कोळीवाड्यात होती. विषय 'किनारी उपजीविका'. मीही गेलो, कारण चकल्यांचा डबा माझ्या गाडीत होता. वाळत घातलेल्या सुकटीचा वास, होड्या ओढून ठेवलेल्या, बायका बोंबील टांगत होत्या. मुलांनी मोबाइलवर प्रश्नावली उघडली. पहिल्याच बाईने मान फिरवली. दुसरीने "न्हाय" म्हणून पाठ फिरवली. मग त्यांच्यातली एक वयस्क, खणखणीत आवाजाची बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. तिला सगळ्या हिराबाय म्हणत होत्या.

"तुमी येता, इचारता, फोटू कारता न् जाता," ती म्हणाली. "परत कोन येत न्हाय. आज आमी इचारनार. बसा."

सरांनी नमुना निवड, गोपनीयता वगैरे काहीतरी सुरू केलं. हिराबायने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. सगळ्या घोळक्यातून तिने मावशींना हेरलं.

"तू गो? या पोरांबरोबर उन्हात कशाला फिरतेस? घरवाला कुठं हाय तुजा?"

आता मावशी सुरू होणार म्हणून मी सावलीत जागा बघून बसलो. पण एरवी त्या ऊठसूट प्रश्न विचारत. त्यांना कोणी विचारल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गेले ते," त्या म्हणाल्या.

"मंग घरात कोन?"

"कोणी नाही. मुलगी तिकडे लांब."

"मंग दिसभर बोलतेस कोनाशी?"

मावशींनी स्कार्फ काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला. मग म्हणाल्या, "आमच्या बिल्डिंगमधली लिफ्ट बोलते. दार उघडं राहिलं की म्हणते, कृपया दरवाजा बंद करा. मी तिला हो गं, करते म्हणायचे. एक दिवस रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, आज दिवसभरात मी तेवढंच बोललेय." मुलं मोबाइल खाली करून ऐकत होती. "त्या आठवड्यात पेपरात या कोर्सची जाहिरात आली. त्यात लिहिलं होतं, चर्चात्मक अध्यापन. म्हटलं, फी भरल्यावर तरी कोणी उत्तर द्यायला बांधील असेल."

हिराबायने एक पाटी पालथी घातली आणि हाताने झटकली. "हितं बस," ती म्हणाली. "माजे पोर पन बोटीवर जातान ते आठ-आठ दिस. सोमवारी येत जा. सोमवारी तुमचे लोक मावरं खात न्हाय, मला टाइम असतो."

त्यानंतर बायका आपणहून बोलायला लागल्या. मुलांनी चकल्या वाटल्या. प्रश्नावलीतला एकही प्रश्न विचारला गेला नाही, आणि दुपारपर्यंत वर्गाला त्या वस्तीबद्दल जे कळलं ते कुठल्याच रकान्यात बसण्यासारखं नव्हतं.

मावशींनी भेटीचा अहवाल लिहिला तो जसं घडलं तसा. हिराबायने काय विचारलं, आपण काय सांगितलं. सरांनी तो परत केला. म्हणाले, "यात तुम्हीच आहात. समुदाय कुठे आहे? हे वस्तुनिष्ठ नाही." मावशींनी वाद घातला नाही, आणि तेच मला काळजीचं वाटलं. पुढच्या शुक्रवारी त्यांचा गाडी काढा म्हणून फोन आला नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. मी दोन्ही दिवशी दुपारभर काम केलं आणि कामात लक्ष लागलं नाही. बायको संध्याकाळी सिल्व्हर पार्कात जाऊन आली. म्हणाली, "टीव्ही लावून बसलीये. म्हणते, ते शिक्षण आपल्यासारख्यांचं नाही."

मग त्यांच्या वर्गातली नांदेडची गार्गी नावाची मुलगी थेट सिल्व्हर पार्कात आली. तेव्हा मी तिथेच होतो. ती चपला न काढता दारातूनच म्हणाली, "मावशी, काल पाहुण्यांनी सांगितलं की झोपडपट्टीतल्या लोकांना पाण्यापेक्षा डेटा जास्त हवाय. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"तुम्ही काय करत होता?" मावशींनी विचारलं.

"आम्हीपण वाजवल्या."

"मूर्ख आहात," मावशी म्हणाल्या आणि टीव्ही बंद केला. गार्गी म्हणाली, "तुमच्या अहवालासाठी आम्ही सगळे सरांकडे गेलो होतो. तुमचा नापास करणार असाल तर आमचेपण करा, म्हटलं. कोळीवाड्यात आम्ही जे काही ऐकलं ते तुमच्या बोलण्यामुळेच."

शेवटी विद्यापीठाने विद्यापीठाला शोभेल असाच मार्ग काढला. मावशींनी होड्या, बर्फ, सुकवायच्या जागा यांवर चार नेटकी पानं लिहायची, आणि हिराबायशी झालेलं बोलणं परिशिष्टात घालायचं. धोरणाच्या जगात माणसं नेहमी परिशिष्टातच राहतात, हे मला त्या दिवशी समजलं. मावशींना मात्र ते चाललं. सर म्हणे परिशिष्ट दोनदा वाचून गेले आणि नंतर बराच वेळ स्टाफरूममध्ये कोणाशी तरी फोनवर बोलत होते. मुलांचा अंदाज, आईशी.

मावशी पास झाल्या, दीक्षान्त समारंभात झगा घालून फोटो काढला, आणि मुलं आपापल्या नोकऱ्यांना गेली. कोणी दिल्लीत बसून ओडिशासाठी धोरण करतं, कोणी बंगळुरूत बसून दिल्लीसाठी. गार्गी मधूनमधून फोन करते.

आता शुक्रवारी मला कोणी बोलावत नाही. सोमवारी सकाळी मात्र मावशी खाली येऊन उभ्या असतात आणि मी त्यांना कोळीवाड्यात सोडतो. माझी सोमवारची मीटिंग मी गाडीतच ऐकतो. काचेतून दोघी दिसतात. हिराबाय जाळं मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी पालथ्या पाटीवर मावशी. सुरुवातीला मला वाटायचं, आता या दोघी मिळून देश चालवायला घेणार. पण तसं काही दिसत नाही. खाडीला ओहोटी लागलेली असते, बगळे चिखलात फिरत असतात, आणि दोघी नुसत्या तिकडे बघत बसलेल्या असतात. मध्येच हिराबाय काहीतरी म्हणते, मावशी मान हलवतात, पुन्हा गप्प.

परवा येताना मी न राहवून विचारलं, "मावशी, इतका वेळ काय बोलता तुम्ही दोघी?"

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. "काही नाही," त्या म्हणाल्या. "बसतो."

पुढचा सगळा रस्ता मी गाडी जरा सावकाशच चालवली.