शिवडीच्या गोदामातला हार

दसऱ्याला बाजारात झेंडू दिसला की ते प्रकरण आठवतंच. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण इतका कधी हबकलो नव्हतो.

तेव्हा मी परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका सकाळी दोघं फिर्याद द्यायला आले. दादरची एक इंजिनीअर मुलगी आणि लालबागचा साठीचा कारखानदार. मुलीचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांना न सांडता पाणी पिता यावं म्हणून तिने प्लास्टिकचा एक खास पेला आखला होता. असे पेले काढायला पोलादी साचा लागतो. धंद्यात त्याला डाय म्हणतात. ती घडवण्याचा खर्च एकदाच, पण मोठा. तिने प्रॉव्हिडंट फंड मोडून तो दिला. करारानुसार डाय तिची. राहणार फक्त ती घडवणाऱ्या या कारखानदाराच्या गाळ्यात. आता एका रुग्णालयाची पहिली मोठी ऑर्डर आली होती आणि डायच चोरीला गेली!

मुलगी हात जोडून म्हणाली, "साहेब, परत डाय करायला माझ्याकडे काही उरलं नाही हो."

कारखानदार तिच्या वडिलांचा जिवलग मित्र, रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसणारा. "रडू नको गो बाय," म्हणत तो स्वतःच डोळे पुसत होता.

पंचनामा केला. कुलूप शाबूत. ते धूड चेनपुलीशिवाय हलणारं नव्हतं, म्हणजे काम माहीतगाराचं. कामगारांचे जबाब घेतले, भंगारवाले पालथे घातले. हाती काही लागेना.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजन चाललं होतं. रायफलींना हळदकुंकू वाहत असताना माझा एक खबऱ्या, शिवडीच्या गोदामातला हमाल, धापा टाकत आला.

"साहेब, भंगाराला कोण हार घालतं काय? आमच्याकडे ताडपत्रीखाली एक लोखंडी धूड पडलंय. आज एक म्हातारा आला, हार घातला, नारळ फोडला, पाया पडून गेला!"

कुंकवाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. चोरलेल्या मालाची पूजा कोण करील? ज्याने तो घडवला तोच.

कारखानदाराला आणलं. हमालाने लांबूनच ओळखलं. मी आवाज न चढवता विचारलं, "काका, दसऱ्याचा हार कुठे घातलात?"

त्याची मान खाली गेली. "पोरगी डाय दुसऱ्या कारखान्यात नेणार होती. तिथे पेला स्वस्त पडतो म्हणाली. पैसे तिचे, कबूल. पण सायबानू, डाय माझी! ह्या हातांनी घासून चकचकीत केलंय ती."

"आणि तिच्या शेजारी बसून रडत होतात, ते काय नाटक?"

"नाय हो. ता रडणा खराच होता."

अरे देवा! इतक्या वर्षांत मला असा जबाब कोणी दिला नव्हता. लिहून घेणारा हवालदारही माझ्याकडे बघत राहिला.

कारखानदाराला गोदामात नेलं आणि ओळख पटवायला मुलीलाही तिथे बोलावलं. तिने हार पाहिला, मग त्याला. "काका, तुम्ही?" एवढंच म्हणाली. हमाल चेनपुलीने डाय उचलू लागले तसा कारखानदार, हवालदाराने दंड धरलेला असतानाही, ओरडला, "अरे हळू! कडेक धक्का लागात!" तिने तोंड फिरवलं.

कोर्टाकडून डायचा ताबा तिला मिळाला, ऑर्डरही वेळेत गेली. ज्याची वस्तू जाते तोच रडतो, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. नेणाराही रडतो, आणि खरं रडतो, हे मला त्या माणसाने शिकवलं. ते शिकून बरं मात्र वाटलं नाही.

पुढे एका सहीसाठी तिच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ. ती वडिलांना त्याच पेल्याने पाणी पाजत होती. दाराकडे बघत त्यांनी जड जिभेने काहीतरी विचारलं.

"काका गावी गेलेत, बाबा," ती म्हणाली. "येतील."

मग तिने माझ्याकडे न बघता कागदावर सही केली.