जिनातल्या झोळ्या

निजामाच्या राज्यात वसमतच्या बाजूला कापसाचा एक कारखाना होता. सगळे त्याला जिन म्हणायचे. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या यायला लागायच्या आणि आम्ही बाया रेच्यांवर बसायचो. रेचा म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणारं यंत्र. दिवसभर त्याच्या तोंडात कापूस घालत राहायचं. आवारात मोठा कडुलिंब होता, त्याच्या फांद्यांना आमची तान्ही लेकरं झोळीत टांगलेली असायची. कुणाचं रडलं की मुकादम हाक मारायचा, ती बाई उठून पाजून यायची.

त्या हंगामात एक रांगतं पोर यंत्राच्या फिरत्या पट्ट्याजवळ जाऊन बसलं. मॅनेजरनं धावत जाऊन त्याला उचललं. माणूस हैदराबादचा, कडक इस्त्रीचा, पण पोर आईच्या हातात देईपर्यंत त्यानं त्याला खाली ठेवलं नाही. संध्याकाळी त्याचा हुकूम निघाला: उद्यापासून एकही लेकरू फाटकाच्या आत येता कामा नये. त्याचं चुकलं नव्हतं. तरी मी त्याला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली.

माझी पोरगी अजून अंगावर पीत होती. घरी सासू नाही, नवरा दुसऱ्याच्या शेतावर राहायला. काम सोडलं तर चूल बंद, पोरगी घरी ठेवली तर ती उपाशी.

"मुकादम भाऊ, लेकरू ठिवू कुठं?" मी विचारलं.

"मला काहून इचारून राहिल्या बाई? हुकूम वरून आलाय. आत न्हाई म्हंजी न्हाई."

आत नाही, तर बाहेर. सकाळी आम्ही झोळ्या फाटकाच्याच वरच्या आडव्या तुळईला बांधल्या आणि एका म्हाताऱ्या बाईला राखणीला बसवलं. खोटं कशाला बोलू, यात आमचा काही डाव नव्हता. बाहेर सावली तेवढीच होती. पण पहिली गाडी आली ती तिथंच थांबली. गाडीवान म्हणाला, "झोपल्या लेकराखालून बैल कसे घालू?" त्याच्यामागं दुसरी थांबली, मग तिसरी. आतला कापूस संपला आणि रेचे रिकामे फिरायला लागले. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसं दुपारी जिनाचे दोन्ही मालक हजर झाले. एक वसमतचे मुसलमान सेठ, कापसाचे जुने व्यापारी. दुसरे शिरड शहापूरकडचे जमीनदार. अडकलेल्या गाड्या बऱ्याचशा त्यांच्याच होत्या.

मॅनेजरला घेऊन ते ओसरीवर चहा पीत बसले. आम्ही लांबून बघत होतो. माझा जीव टांगणीला लागला होता. हुकूम मागं घेतला तर मॅनेजरचं नाक कापलं जाणार, मग त्याला कोण मोजणार? तसाच ठेवला तर गाड्या उभ्या. आता आम्हालाच घरी पाठवतील, असं मी धरून चालले होते.

चहा झाला. सेठ उठले, लिंबाखाली गेले, त्यामागच्या काट्यांच्या कुंपणाकडे बघत राहिले. मग मुकादमाला म्हणाले, "हे कुंपण लई जुनं झालं. नवं घाला, अन् जरा अलीकडून घ्या."

एवढंच. लेकरांचं नाव नाही, हुकमाचं नाव नाही. संध्याकाळपर्यंत कुंपण झाडाच्या अलीकडे आलं. मुकादमानं त्यात बाईमाणूस अंग चोरून जाईल एवढी फट ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी झोळ्या पुन्हा लिंबाला लागल्या, गाड्या आत आल्या, आणि मॅनेजर फेरी मारायला आला.

"बच्चे अंदर तो नहीं आए?"

"न्हाई साहेब," मुकादम म्हणाला. "झाडच भाईर गेलं."

मॅनेजरनं झाडाकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं, आणि फटीत पदर अडकून बसलेल्या माझ्याकडेही पाहिलं.

"बराबर है," म्हणाला, आणि वळून गेला.

पुढं आयुष्यात शाळेची कमिटी पाहिली, देवळाचे पंच पाहिले. चुकलं म्हणून कुणी म्हणत नाही. कुंपण तेवढं सरकवतात. आधी मला याचा राग यायचा, मग जिनातला तो दिवस आठवायचा. त्या दिवशी मी पदर सोडवून पलीकडे गेले, पोरगीला मांडीवर घेतलं, आणि इतकं हलकं वाटलं की हसताहसता रडायलाच आलं. कुंपणापलीकडे पट्टा फिरत होता, मध्ये हातभर काटे होते, आणि पोरगी पोटभर प्यायली.